साठ मिलिवॉटचा निरोप

पावसाळ्यात मुंबईच्या माणसाला दोन गावं आकड्यांनी पाठ असतात : कुलाबा आणि सांताक्रूझ. 'गेल्या चोवीस तासांत कुलाबा इथं इतके मिलिमीटर, सांताक्रूझ इथं इतके' हे वाक्य बातम्यांच्या शेवटी आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. आमच्या घरी सांताक्रूझचा आकडा मोठा आला की वडिलांना उगाच अभिमान वाटायचा. जणू तो पाऊस आमच्याच गल्लीनं पाडला होता. आई मात्र दोरीवरच्या ओल्या कपड्यांकडे बघून म्हणायची, 'तुमच्या सांताक्रूझला सांगा जरा दमानं घ्यायला.'

हा आकडा देणारं पर्जन्यमापक सगळ्यांना ऐकून माहीत असतं. त्याच वेधशाळेतून रोज एक पांढरा फुगा आकाशात सुटतो, हे मात्र सांताक्रूझमध्ये जन्म काढलेल्या कित्येकांना ठाऊक नसतं. जगभरात अशी आठशेच्या आसपास केंद्रं आहेत आणि ती सगळी एकाच घड्याळानं चालतात. घड्याळ ग्रिनिचचं, म्हणून आपल्याकडे त्याची वेळ पडते पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. नोंद साडेपाचची, फुगा त्याच्या थोडा आधीच सोडतात. जागतिक यादीत आपल्या सांताक्रूझचा क्रमांक आहे ४३००३.

फुग्यात हायड्रोजन, खाली लांब दोरी आणि दोरीच्या टोकाला साबणाच्या मोठ्या वडीएवढी एक पेटी. हिला म्हणतात रेडिओसोंड. वर जाता जाता ती तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजते आणि दर सेकंदाला खाली कळवत राहते. सेकंदाला पाचेक मीटर या गतीनं ती चढते. साधारण पावणेदोन तासांनी, तीसेक किलोमीटर उंचीवर, फुगा फुगून फुगून एखाद्या खोलीहून मोठा होतो आणि फुटतो. तोवर पेटीनं उणे ऐंशी अंश सेल्सियसची थंडी भोगलेली असते. आपल्या विषुववृत्ताकडच्या मुलखात सोळा-सतरा किलोमीटरवरची हवा ध्रुवांवरच्या तेवढ्याच उंचीच्या हवेपेक्षाही थंड असते, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर भूगोलात माझं लक्ष लागलं असतं.

पावसाळ्यातला तिचा प्रवास तर मोठा गमतीचा. खालचे पाच-सहा किलोमीटर वारा पश्चिमेकडून, म्हणजे समुद्रावरून येतो. फुगा आधी मुलुंड-ठाण्याच्या दिशेनं निघतो. त्याच्या वर गेलं की वारे फिरतात आणि पूर्वेकडून जोरात वाहू लागतात. मग तोच फुगा परत आपल्या डोक्यावरून पलीकडे जातो आणि अरबी समुद्रावर शंभर-दीडशे किलोमीटर आत जाऊन संपतो. हिवाळ्यात उलटं. वरचे वारे पश्चिमेचे, त्यामुळे पेटी नाशिक-नगरच्या बाजूला कुठं तरी उतरते आणि एखाद्या शेतकऱ्याला भलतीच शंका येते.

आता मुद्द्याची गोष्ट. दीडशे किलोमीटरवरून बोलणाऱ्या या पेटीच्या रेडिओची ताकद किती असावी? आजच्या प्रचलित सोंडची असते साधारण साठ मिलिवॉट. ज्या घरांत रात्री 'झिरोचा' बल्ब लावत, त्यांनी हिशेब करून बघावा. तो जुना झिरोचा बल्ब नावाला झिरो. प्रत्यक्षात पंधरा-एक वॉट खायचा. त्या एका बल्बाच्या विजेत असे अडीचशे रेडिओ बोलतील.

मग थोडी जास्त ताकद का देत नाहीत? हा प्रश्न मीही विचारला होता, विद्यार्थी असताना. त्याचं उत्तर कागद-पेन्सिलीचं आहे. रेडिओ लहरी फुग्याच्या पृष्ठभागासारख्या चहूकडे पसरत जातात. अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच शक्तीला चौपट जागा व्यापावी लागते. म्हणजे दुप्पट लांब ऐकू जायचं असेल तर चौपट ताकद हवी, तिप्पट लांबसाठी नऊपट. ताकद वाढवली की बॅटरी वाढते, बॅटरी वाढली की वजन वाढतं, वजन वाढलं की फुगा मोठा, हायड्रोजन जास्त. आणि हे सगळं एकदाच वापरून समुद्रात टाकायचं! १९४०च्या दशकातल्या पेट्या किलोच्या आसपास भरत. आताची शंभरेक ग्रॅमची असते. जुन्या पेट्यांत पाण्यात बुडवून 'जागी' करायची खास बॅटरी असे. ती चालताना स्वतःच गरम होई आणि वरच्या थंडीत तग धरी. आता लहान लिथियम सेलवर भागतं, ते मुख्यतः रेडिओची भूक कमी झाली म्हणून.

ही भूक कमी करणं म्हणजेच लहान आणि काटकसरी ॲम्प्लिफायर बनवणं. पेटीतला पहिला भाग एक अगदी क्षीण लहर तयार करतो, सेकंदाला चाळीस कोटी हेलकाव्यांची, म्हणजे चारशे मेगाहर्ट्झच्या आसपासची. ॲम्प्लिफायर तिला मोठी करून अँटेनात सोडतो. अँटेना म्हणजे वीतभर तार. ती वीतभरच का, तर या लहरीची लांबी पाऊण मीटर आणि तिचा चौथा हिस्सा बरोबर तेवढाच भरतो.

आवाज मोठा करणारा घरातला ॲम्प्लिफायर सतत वीज पीत असतो, गाणं चालू असो वा नसो. हात लावला तर कोमट लागतो. ती उष्णता म्हणजे वाया गेलेली वीज. सोंडमध्ये ही चैन परवडत नाही. तिथं झोपाळ्याची युक्ती वापरतात. झोपाळ्यावर बसलेल्या पोराला आपण सतत रेटत नाही. झोपाळा मागे येऊन टोकाला टेकला की एक छोटा धक्का देतो आणि पुढच्या फेरीपर्यंत हात मोकळा. ट्रान्झिस्टरही तसाच एका हेलकाव्यात क्षणभर जागा होतो, धक्का देतो आणि झोपतो. उरलेला झोका तारेचं वेटोळं आणि कपॅसिटर यांची जोडी पुरा करते. या पद्धतीनं बॅटरीतल्या विजेचा अर्ध्याहून कितीतरी जास्त भाग हवेत जातो. निरोप झोक्याच्या उंचीत न ठेवता त्याच्या लयीत ठेवलेला असतो, म्हणून धक्क्यांनी तो बिघडत नाही.

धक्क्यांचा एक दोष मात्र आहे. चारशे तीन मेगाहर्ट्झला धक्के दिले की त्याच्या दुपटीची, तिपटीची, चौपटीची लहरही थोडी थोडी निघते. चौपट म्हणजे १६१२. आता गंमत बघा, त्याच पेटीत जीपीएसचा कान बसवलेला असतो, आणि जीपीएसचे उपग्रह बोलतात १५७५ मेगाहर्ट्झवर, अगदी शेजारच्या बिऱ्हाडात! तेही वीस हजार किलोमीटर उंचीवरून, इतक्या हळू की दीडशे किलोमीटरवरून आलेला सोंडचा आवाजही त्याच्या शंभरपट मोठा म्हणावा. साबणाच्या वडीएवढ्या जागेत एक जण ओरडतोय आणि दुसरा टाचणी पडल्याचा आवाज ऐकू पाहतोय. चाळीत वाढलेल्यांना हा संसार वेगळा समजावून सांगायला नको. मधल्या भिंती कशा घालायच्या, कुणाचं दार कुणाकडे उघडायचं, जमीन कुठं जोडायची, यातच या कलेचं निम्मं मर्म आहे.

माझी स्वतःची फजिती सांगतो. कॉलेजात असताना चारशे मेगाहर्ट्झचा असा एक छोटा ॲम्प्लिफायर मी घरी केला होता. लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्झिस्टर आणला, तांब्याचा पत्रा लावलेलं बोर्ड आणलं, बाथरूममध्ये फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ते कोरून काढलं. लाद्यांवरचे तपकिरी डाग नंतर घर विकेपर्यंत गेले नाहीत आणि आईनं तो विषयही घर विकेपर्यंत सोडला नाही. जोडणी झाली. आत काहीही न घालता बाहेर मात्र भरपूर शक्ती निघू लागली. मला वाटलं, काय झकास जमलंय! बोट जवळ नेलं की आकडा बदले, बोट काढलं की पुन्हा पूर्ववत. आमच्या सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, 'तू ॲम्प्लिफायर नाही केलास रे, हा स्वतःशीच बोलतोय.'

गणपतीच्या मंडपात माइक कर्ण्याच्या समोर आला की जी किंचाळी उठते, तेच इथं घडलं होतं. बाहेर पडलेला मोठा आवाज पुन्हा आत शिरतो, आणखी मोठा होतो, पुन्हा शिरतो. मंडपात माइकवाला धावत जाऊन माइक फिरवतो. इथं माइक आणि कर्णा यांच्यात अंतर असतं अर्धा सेंटिमीटर, आणि ते वाढवायची मुभा नसते. लहान ॲम्प्लिफायर म्हणजे मोठ्याची छोटी प्रतिकृती असा आपला समज असतो. लहान करत गेलं की दर पायरीला हा किंचाळण्याचा धोका वाढत जातो, हे मला त्या दिवशी कळलं. तारेची एक सेंटिमीटर जादा लांबीसुद्धा चारशे मेगाहर्ट्झवर स्वतंत्र वेटोळ्यासारखी वागते. आता हे बरंचसं काम नखाएवढ्या चिपमध्ये होतं, पण चिपच्या बाहेरचा संसार ज्याला नीट मांडता येत नाही, त्याची चिपही किंचाळतेच.

झालं हे बोलणाऱ्याचं. ऐकणाऱ्याची कथा माझ्या मते याहून सरस आहे.

साठ मिलिवॉट निघाले खरे. दीडशे किलोमीटरवर साध्या तारेच्या अँटेनात त्यातले किती पोचतात? गणित सांगतं, सुमारे सहा लाख कोटीवा हिस्सा. एवढ्याशा कुजबुजीला जमिनीवरचा ॲम्प्लिफायर मोठं करतो. अडचण अशी की, उष्णता असलेल्या प्रत्येक वस्तूतून रेडिओची एक बारीक खरखर निघत असते. तारेतून, ट्रान्झिस्टरमधून, खुद्द अँटेनातून. ॲम्प्लिफायर बिचारा निरोप आणि खरखर यांत भेद करत नाही, दोन्ही सारखंच मोठं करतो आणि वर स्वतःची खरखर घालतो.

ज्यांच्या घरी गच्चीवर दूरदर्शनची अँटेना होती त्यांना 'बूस्टर' आठवत असेल. मुंबई दूरदर्शन १९७२च्या गांधीजयंतीला सुरू झालं आणि पुढं कोकणातल्या गावागावांत लोक मुंबई पकडण्यासाठी उंच बांबूला अँटेना बांधून बूस्टर लावू लागले. आमच्या मामांनी रत्नागिरीकडे असाच एक आणला आणि तो टीव्हीच्या मागं ठेवला. चित्रात मुंग्या होत्या, त्या जास्त ठसठशीत दिसू लागल्या! दुकानदाराशी भांडण झालं. शेवटी गावातल्या वायरमननं तोच बूस्टर काढून बांबूवर, अँटेनाच्या बुडाशी बांधला आणि बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा दिसू लागला. लांबलचक केबलमधून उतरताना चित्र थकायचं आणि खरखर तेवढीच राहायची. थकण्याआधीच त्याला बळ दिल्यावर फरक पडला. वेधशाळेच्या अँटेनापाशी पहिला ॲम्प्लिफायर बसवतात तो याच कारणानं, आणि त्याच्याकडून मोठ्या आवाजापेक्षा शांतपणाची अपेक्षा जास्त असते. ऐकणाऱ्याची खरखर निम्मी केली तर बोलणाऱ्याची ताकद दुप्पट केल्याचा लाभ होतो. आणि तो लाभ जमिनीवर एकदाच पैसे खर्चून मिळतो, रोज एक बॅटरी समुद्रात न टाकता.

शांततेसाठी जागा सोडण्याची मुंबईच्या वेधशाळेला सवयही आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची. तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा विजेनं सुया थरथरणार हे ओळखून ते काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं. नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची, तीही रेडिओचा गोंगाट कमी असलेला मुलूख शोधूनच. सांताक्रूझच्या फुग्याला ही सोय नाही. त्याला लोकलच्या ठिणग्या, लिफ्टच्या मोटारी, स्वस्त एलईडी दिव्यांचे चार्जरसारखे खोके आणि लाखो मोबाइल यांच्या गदारोळातूनच ऐकावं लागतं.

असे फुगे सोडायची कल्पना तशी जुनी. १९२९ मध्ये फ्रान्समध्ये रॉबेर ब्युरो यांनी आणि १९३०च्या जानेवारीत रशियात पावेल मोल्चानोव्ह यांनी रेडिओ लावलेले फुगे सोडले. तोवर पेटी सापडेपर्यंत वाट बघावी लागे, आणि समुद्रात पडली तर तेवढंही नाही. आपल्या हवामान खात्यानं १९४०च्या दशकात स्वतःचे सोंड केले. त्यातला पंख्याचा सोंड मला फार आवडतो : वर चढताना वाऱ्यानं एक छोटा पंखा फिरे आणि तोच आळीपाळीनं तापमान, आर्द्रता, दाब यांची बटणं दाबे. मोटार नको, वीज नको. काटकसर याहून वेगळी काय असते?

पुढं मात्र हेच स्वदेशी सोंड टीकेचं धनी झाले. त्यांच्या नोंदींतले चढउतार जास्त असत आणि हवामानाची भाकितं करणारी जागतिक केंद्रं त्या नोंदींवर फारसा भरवसा ठेवत नसत. थंडीत लहरीचा सूर घसरे, खालची तबकडी रेडिओच्या दिशेनं वळत वळत वारा मोजत असे, आणि पेटी क्षितिजाकडे झुकली की कोन चुके, वारा चुके. २००९ पासून खात्यानं टप्प्याटप्प्यानं जीपीएसचे सोंड आणले आणि नोंदी सुधारल्या. पेटीच आपली जागा सांगू लागली. खाली फक्त नीट ऐकायचं उरलं.

पण परदेशी पेटी रोज उडवायची म्हणजे रोज पैसे समुद्रात टाकायचे, म्हणून देशी सोंडचा ध्यास सुटला नाही. इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या केंद्रात एक जीपीएस सोंड तयार झाला. त्याला नाव दिलं पिशरोटी सोंड. पी. आर. पिशरोटी हे आपल्या कुलाबा-अलिबाग वेधशाळांचे एके काळचे संचालक आणि १९६२ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. पवईला आय.आय.टी.च्या आवारात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मायक्रोवेव्ह गटातून निघालेली एक संस्था आहे, १९८४ पासून स्वायत्त. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की होतं 'समीर', म्हणजे वारा. सोंड आणि त्याचा माग काढणारी यंत्रं यांवर तिथंही काम झालं. सांताक्रूझपासून बसच्या अंतरावर.

या सगळ्या काटकसरीत नेमकं काय पणाला लागलेलं असतं, ते मुंबईनं २६ जुलै २००५ला पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच काळात कुलाब्याला ७३. मधलं अंतर लोकलनं अर्ध्या-पाऊण तासाचं! राज्यात त्या पुरानं हजाराहून अधिक माणसं गेली. मी त्या रात्री कुर्ल्याहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आलो, आणि वाटेत एका अनोळखी घरातल्या आजींनी जिन्यात बसवून चहा पाजला तो कप अजून आठवतो.

फुगा असतानाही हे आधी का कळलं नाही, असं त्यानंतर अनेकांनी विचारलं. प्रामाणिक उत्तर असं की, एकटा फुगा ते सांगू शकत नाही. तो हवेचा उभा छेद देतो : बाष्प किती उंचीपर्यंत भरलंय, वर थंडी किती, वारा कुठं फिरतोय. दारूगोळा किती साठलाय हे त्यावरून समजतं. ठिणगी अंधेरीत पडणार की गिरगावात, ते नाही. त्यासाठी ढगांवर नजर ठेवणारं डॉप्लर रडार लागतं, आणि मुंबईत त्या दिवशी ते नव्हतं. कुलाब्याला ते २०१०च्या सुमारास आलं, वेरावलीच्या टेकडीवर दुसरं २०२२ मध्ये. अशा मोठ्या रडारचा झोत क्षणभरासाठी काही लाख वॉटचा असू शकतो. त्याला साठ मिलिवॉटची पेटी म्हणजे हत्तीपुढे मुंगी. तरी संगणकावर उद्याचं आकाश मांडताना आरंभीची हवा कशी होती हे त्या मुंगीलाच विचारतात. तिनं आर्द्रता थोडी चुकीची सांगितली, किंवा बारा किलोमीटरवर तिचा सूर घसरून निरोप तुटला, तर पुढचं सगळं गणित त्या चुकीवर उभं राहतं. शाळेला सुट्टी द्यायची की नाही, लोकल थांबवायची की नाही, होड्या किनाऱ्यावर ठेवायच्या की नाही, हे निर्णय शेवटी अशा कुजबुजीपर्यंत जाऊन पोचतात.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सांताक्रूझच्या पुलावरून कधी आकाशाकडे बघितलंत तर विमानांच्या रांगेपासून दूर एक पांढरा ठिपका चढताना दिसेल, नशीब असेल तर. खाली रिक्षावाले ओरडत असतात. दोन मिनिटांत तो ढगात शिरतो. सातच्या आत कुठं तरी अरबी समुद्राच्या डोक्यावर फुगा फुटतो आणि फाटक्या रबरासकट पेटी पडू लागते. बॅटरी अजून शिल्लक असते, त्यामुळे पडता पडताही ती बोलतच राहते. पृथ्वी गोल आहे, म्हणून शेवटचा एखादा किलोमीटर ती क्षितिजाखाली जाते, आणि तिथलं तिचं बोलणं सांताक्रूझला ऐकू येत नाही.